फट ठेवायची का

माप घ्यायला आलेल्या माणसाचं नाव बॅरी.
कानावर पेन्सिल, बुटांवर निळ्या पिशव्या चढवलेल्या.
सातही खिडक्या बघून झाल्यावर
स्वयंपाकघरात चहाचा कप धरून त्याने विचारलं,
वरच्या चौकटीत हवेसाठी फट ठेवायची ना?

श्रीरंग म्हणाले, नको.
मी म्हणाले, हवी.
दोन्ही शब्द एकाच वेळी टेबलावर पडले
आणि बॅरीने शहाण्यासारखं बिस्कीट चहात बुडवलं.

श्रीरंगांचा हिशेब सरळ आहे:
थंडी बाहेर ठेवायला सहा हजार पौंड मोजायचे
आणि त्याच काचेच्या डोक्यावर
थंडीसाठी भोक पाडून घ्यायचं?
गॅसचं बिल ते पंचांगासारखं वाचतात,
कोणत्या महिन्यात कोणता ग्रह आडवा आला ते.

माझा हिशेब भिंतीवर आहे.
मागच्या खोलीतलं कपाट अर्धा हात पुढे ओढलं की दिसतो:
काळा, मऊ,
कुणीतरी रांगोळीचे ठिपके काढून
रेषा जोडायला विसरल्यासारखा.
दर ऑक्टोबरात मी तो ब्लीचने पुसते.
जानेवारीत तो परत येतो,
भाडं थकवून सामान न हलवणाऱ्या भाडेकरूसारखा.

रात्रपाळीहून घरी आले की
काचेवरून पाणी ओघळत असतं.
त्यात आमचं सगळं असतं,
कुकरच्या शिट्ट्या, रेडिएटरवर वाळणारे मोजे,
श्रीरंगांचं घोरणं.
जे एकमेकांना बोललो नाही
तेही बहुधा वाफ होऊन तिथेच बसत असावं.
जुन्या टॉवेलने पुसते, पिळते.
वाटीभर निघतं.

वॉर्डात मी माणसांना विचारते,
श्वास घ्यायला त्रास होतो का?
घराला कोण विचारतं.

चिपळूणच्या आमच्या बिऱ्हाडात हा प्रश्नच नव्हता.
खिडकीला काच नाही, नुसते गज,
आणि कौलांखाली मांजर शिरेल एवढी जागा.
हवा, धूर, शेजारच्या सुक्या बांगड्याचा वास
न विचारता येत, न विचारता जात.
तिथे फटी बुजवायला पैसे पडायचे.
इथे स्टॉकपोर्टात फटीचाच दर आहे,
नगास अठ्ठावीस पौंड, व्हॅट धरून.

बॅरी म्हणाला, तिला पट्टी असते. सरकवली की बंद.
म्हणजे दोघांचंही खरं, आणि स्वतःच हसला.
त्याच्या घरच्या फटींत बायकोने कापूस कोंबलाय म्हणे.

श्रीरंग बराच वेळ गप्प. मग म्हणाले,
रेल्वेचा आवाज येईल.
म्हटलं, येऊ दे.
मिसेस ऑग्डेनकडे फोडणीचा वास जाईल.
म्हटलं, एकवीस वर्षं जातोच आहे,
ती हिंग ओळखायला शिकलीय.
फट म्हणता ब्रह्महत्या होत नाही हो, मी जरा जोरातच म्हणाले,
आणि बॅरीने हे मराठी वाक्य
होकार समजून वहीत टिपून घेतलं.

मार्चमध्ये खिडक्या बसल्या.
आता रात्री दहाला ते पट्टी सरकवून बंद करतात.
सकाळी पावणेआठला मी, कोट न काढताच, उघडते.
यावर आम्ही बोलत नाही.

काल उदबत्ती लावून फटीपाशी धरली,
नक्की बघावं म्हणून, हवा येते की जाते.
धूर आधी आत वळला, माझ्याच तोंडावर.
मग थबकला.
मग एका टोकाने बाहेर जाऊ लागला
आणि दुसऱ्या टोकाकडून परत येत राहिला.

मागून श्रीरंगांनी विचारलं, काय दिसतंय?
म्हटलं, तुम्हीच बघा.
ते आले. चष्मा पुसत,
मफलर गुंडाळून.